आधी वेग, मग सफाई? डबल पेडलवर हे उलटं चालतं

डबल पेडल म्हणजे ड्रमसेटमधला बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायची पेडलजोडी. ती शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. कोणी तो व्हिडिओत देतं, कोणी क्लासमध्ये. मथितार्थ असा: वेग म्हणजे पायातली ताकद. घोट्याला वजनं बांधून वाजवा, पेडलची स्प्रिंग पूर्ण आवळा, मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं यंत्र) रोज ५ बीपीएमने (मिनिटाला मात्रा) वाढवा, पाय दुखले तरी थांबू नका. एकदा वेग आला की सफाई आपोआप येते. तरी जमलं नाही तर महागडं पेडल घ्या.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य नवशिक्याला भरकटवतं. सगळ्यात जास्त नुकसान करतं ते "सफाई आपोआप येते" हे, म्हणून आधी तेच घेतो.

हिशोब मांडून पाहू. १०० बीपीएमला सिक्स्टीन्थ, म्हणजे मात्रेला चार ठोके वाजवले, तर दोन ठोक्यांमध्ये १५० मिलिसेकंद असतात. समजा डावा पाय दर वेळी १५ मिलिसेकंद उशिरा पडतो. अंतरं होतात १६५, १३५, १६५, १३५. कान तयार नसेल तर हे लक्षातही येत नाही. आता तोच पाय, तेवढाच उशीर, पण २०० बीपीएम. मूळ अंतर ७५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात पडतात ९० आणि ६०, म्हणजे ३ ला २. ही लंगडी चाल गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू येते. उशीर होता तेवढाच आहे, पण अंतर निम्मं झाल्यामुळे तो दुप्पट मोठा ठरला. मग वेग वाढवल्याने तो कसा काय जाणार? उलट रोज तीच लंगडी चाल घोकून पायात पक्की होते, आणि नंतर ती काढायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ज्या गतीपर्यंत कोणता ठोका डाव्या पायाचा आणि कोणता उजव्याचा हे ओळखू येत नाही, तीच तुमची खरी गती. त्यापुढचा आकडा मेट्रोनोमचा आहे, तुमचा नाही. हे तपासायला फोन पुरतो. फक्त किक, म्हणजे बास ड्रमचा आवाज, रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका. ऑडिओ एडिटरमध्ये उघडलं तर शिखरांमधली अंतरं आणि उंची डोळ्यांनाच दिसतात. उंचीही बघा, कारण बऱ्याचदा वेळ बरोबर असते पण डावा ठोका दबका असतो, आणि कानाला तेही असमानच वाटतं.

दुरुस्ती डाव्या पायापासून. उजवा गप्प ठेवून डाव्याने एकट्याने एट्थ, म्हणजे मात्रेला दोन ठोके, वाजवा, त्याच ताकदीने, तेवढ्याच उंचीवरून. मग दोन्ही पायांनी वाजवा, पण सुरुवात डाव्याने करा, म्हणजे मात्रा डाव्यावर पडेल. इथे बहुतेकांचा ठेका कोसळतो, आणि इतके दिवस डावा पाय उजव्याच्या मागून नुसता फरफटत होता हे कळतं. तिसरा उपाय हातांचा: उजवा हात उजव्या पायाबरोबर, डावा हात डाव्या पायाबरोबर, एकाच क्षणी. हात सहसा पायांपेक्षा सुबक असतात. हात आणि पाय यांच्यात फट ऐकू आली की कोणता पाय कधी चुकतोय ते लगेच सापडतं.

"रोज ५ बीपीएम वाढवा." १०० पासून सुरू केलं तर ३० दिवसांत २५० होतात. एवढ्यावरच हा सल्ला बाद व्हावा, पण त्यातली खरी अडचण आणखी खोल आहे. संथ आणि जलद वाजवणं ही एकच हालचाल कमी-जास्त वेगाने केलेली नसते. संथ गतीला मांडीसकट सगळा पाय उचलता येतो. पण माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असतो. ६० किलोच्या माणसाचा म्हणजे साडेनऊ किलोंच्या आसपास. त्यात पाऊल जेमतेम १ किलो. २०० बीपीएमला प्रत्येक पायाला मिनिटाला ४०० ठोके द्यायचे असतात, सेकंदाला साडेसहाच्या वर. एवढ्या वेळा अख्खा पाय उचलून टाकणं फार थोड्यांना जमतं. तिथे टाच वर ठेवून घोट्यातून, पोटरी आणि नडगीच्या स्नायूंनी छोटी हालचाल करावी लागते.

या दोन हालचालींच्या मध्ये, बहुतेकांच्या बाबतीत १४० ते १७० च्या आसपास, एक अडनिडा पट्टा असतो. तिथे पाय जड वाटतो आणि घोटा अजून लयीत आलेला नसतो. पाच-पाचने वर चढणारा बरोबर इथे अडकतो, आणि आपली ताकद कमी पडतेय असं समजून आणखी जोर लावतो. जोर लावला की घोटा आवळतो आणि गती उलट घटते.

या पट्ट्यावर वरच्या बाजूनेही उतरावं लागतं. १९० ला मेट्रोनोम लावा आणि घोट्यातून फक्त चार ठोके वाजवा. थांबा, पाय सैल करा, पुन्हा चार. ते सारखे पडू लागले की आठ, मग सोळा. नंतर तीच घोट्याची हालचाल हळूहळू संथ करत १६० पर्यंत आणा. दुसरीकडून पायाची मोठी हालचाल लहान करत १५० पर्यंत न्या. दोन्ही एकमेकींत मिसळेपर्यंत काही महिने जातात, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

आता वजनं. काही नामांकित ड्रमर ती बांधून सराव करतात, हे खरं. पण त्यांची हालचाल आधीच पक्की झालेली असते. घोट्याला वजन बांधलं की पायाचा झोका आणि स्प्रिंगशी त्याचं जुळणं दोन्ही बदलतं, आणि नवशिक्या शिकतो ती वेगळीच, संथ, मांडीतून होणारी हालचाल. सोडल्यावर पाय हलका वाटतो, पण तो काही मिनिटांचा भास. दम मात्र लागतो, ते नाकारत नाही: १८० ला ४ मिनिटं सलग सिक्स्टीन्थ म्हणजे २,८८० ठोके. हा दम कमी गतीला, सारखेपणा न सोडता, लांब वाजवूनच येतो. दोन बास ड्रमची कल्पना रुजवणारे लुई बेल्सन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ ऑर्केस्ट्रात वाजवत होते. त्या संगीतात नुसत्या रेट्याने कोणी टिकत नाही.

"स्प्रिंग पूर्ण आवळा." घट्ट स्प्रिंग बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) लवकर परत आणते, पण प्रत्येक ठोक्याला तेवढंच जास्त दाबायला लावते. फार सैल असेल तर बीटर पायाच्या मागे राहतो. बीटर परत येताना तळपायाला चिकटून येतोय असं वाटलं की थांबा, ते तुमचं ठिकाण. डाव्या पेडलचा जोर मधल्या दांड्यातून आणि सांध्यांतून बीटरपर्यंत जातो, त्यामुळे ते थोडं जड लागतं. म्हणून दोन्ही स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसण्यापेक्षा पायांना सारख्या लागल्या पाहिजेत.

पेडल बदलण्याआधी उजवा पाय डाव्या पेडलवर ठेवून वाजवा. तोही तिथे लंगडला तर दोष पेडलचा आहे: सांधे ढिले झालेत, स्क्रू सुटलाय किंवा स्प्रिंग उतरलीय. तो नीट वाजला तर नवं पेडल घेऊन काही हाती लागणार नाही. हाय-हॅटचा (डाव्या पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीचा) स्टँड डाव्या पेडलला बाहेर ढकलतोय का तेही पाहा. एक गुडघा सरळ आणि दुसरा वाकडा ठेवून सारखेपणा मागणं पायावर अन्याय आहे. स्टूल एवढं उंच हवं की मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरतील. दोन्ही टाचा उचलल्यावर तोल कमरेवर राहिला पाहिजे.

ट्रिगरचाही (ठोका पडताच ठरलेला आवाज वाजवणाऱ्या सेन्सरचा) आधार याच सुरात सुचवला जातो. ट्रिगर आवाजाची पातळी सारखी करतो, वेळ नाही. उशिरा पडलेला डावा ठोका त्यातून आणखी स्पष्ट ऐकू येतो.

राहिलं "दुखलं तरी थांबू नका". पोटरी भरून येणं आणि दुखणं यात फरक आहे. नडगीच्या पुढच्या बाजूला, टाचेच्या वरच्या शिरेत किंवा जांघेत टोचल्यासारखं झालं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा; परत परत झालं तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. नुसते पाय भरले असतील तर २० बीपीएम खाली या, ठोके पुन्हा सारखे पडतात का बघा, आणि पडत नसतील तर उठा.