साखरेचा प्राप्तिकर, वशिला आणि जुने संबंध: एका प्रतिक्रियेला उत्तर

साखर कारखान्यांचा प्राप्तिकराचा जुना वाद सुटण्यात दीर्घ संबंधांचाही वाटा होता, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: सत्ताकेंद्राशी वर्षानुवर्षे जपलेले संबंध हे वशिल्याचेच सोज्वळ नाव असून, ज्याची बाजू न्याय्य आहे त्याला त्यांची गरज पडू नये. यातील पूर्वार्ध मला बराचसा मान्य आहे, उत्तरार्ध नाही.

सहकारी कारखाने किमान वैधानिक दरापेक्षा (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावापेक्षा) जो जादा दर ऊस उत्पादकांना देत, तो खर्च नसून नफ्याचे वाटप आहे आणि म्हणून करपात्र आहे, अशी प्राप्तिकर खात्याची भूमिका होती. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये तेथेही सरसकट दिलासा मिळाला नाही. दरात नफ्याचा अंश किती, हे तपासण्यासाठी प्रकरणे पुन्हा कर अधिकाऱ्यांकडे गेली. त्याआधी २०१५ च्या वित्त अधिनियमाने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून खर्च मानली होती, पण मागची प्रकरणे तशीच लोंबकळत होती. तो तिढा २०२३ च्या अर्थसंकल्पात सुटला आणि दिलाशाची रक्कम जवळपास १० हजार कोटी रुपये सांगितली गेली.

दरम्यान सरकारे बदलली, अर्थमंत्री बदलले, आणि सचिवांच्या बदल्या तर होतच असतात. बाजू न्याय्य असली, तरी ती प्रत्येक नव्या माणसापुढे पहिल्यापासून मांडणारे कोणीतरी लागते, आणि ते काम कारखान्यांच्या साखर संघांनी सोडले नाही. शिवाय ज्याने मागच्या खेपेस दिलेले आकडे खरे निघाले, त्याचा कागद अधिकारी आधी वाचतो. दीर्घ संबंधांची किंमत मी म्हणतो ती एवढीच. अर्थात हे निव्वळ कागदांच्या बळावर झाले, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. कारखान्यांच्या संचालक मंडळांवर बहुतेक सर्व पक्षांचे पुढारी असतात, आणि २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाल्यावर या मागणीला हक्काचे दार मिळाले.

आपल्या बाजूचे सबळ उदाहरण आपण दिले नाही, म्हणून मीच देतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर) दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. ती सवलत जवळिकीचीच होती, असे माझे मत आहे. शेतकरी संघटनेचे नेते न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

मला खरी बोचणी ऊसतोड मजुरांची आहे. हंगामाचे पाच-सहा महिने जे फडावरच्या कोपीत राहतात, त्यांनी मंत्रालयातील कोणत्या अधिकाऱ्याशी दहा वर्षांची ओळख राखावी? त्यांच्या मजुरीचा दर लवादात ठरतो आणि तेथेही त्यांच्या वतीने पुढारीच बोलतात. म्हणूनच, अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे सरकारदरबारी कोणाची तरी बाजू मांडणाऱ्यांना, नोंदणी करावी लागते, तशी तरतूद आपल्याकडेही असावी आणि भेटींची नोंदही जाहीर व्हावी, असे मला वाटते. कारखान्यांचे प्रतिनिधी कोणाला, कधी आणि कशासाठी भेटले, हे निदान मजुरांच्या संघटनांना वाचता तरी येईल.