पेडरसनच्या यंत्राने रायफलीची मशीनगन होत नव्हती

"पहिल्या महायुद्धात अमेरिकेने गुपचूप एक यंत्र बनवलं. ते बसवलं की कुठलीही रायफल 15 सेकंदांत मशीनगन व्हायची. त्याच्या धास्तीने जर्मनीने शस्त्रं टाकली." हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि एनडीएची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो चक्क नोट्समध्ये उतरवून घेतलाय. आता गप्प बसणं शक्य नाही.

यंत्र खरं आहे. अमेरिकी शस्त्र-रचनाकार जॉन पेडरसनने ते 8 ऑक्टोबर 1917 ला वॉशिंग्टनजवळ अधिकाऱ्यांना दाखवलं. गुप्तता राखायला त्याचं नावही "1918 चं ऑटोमॅटिक पिस्तूल" असं ठेवलं होतं. खंदकावर चाल करताना सैनिकाने चालता चालता सतत गोळ्या झाडत राहाव्यात, हा हेतू.

पण "कुठलीही रायफल" हे कुठून आलं? रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून त्या जागी हे यंत्र सरकवायचं. त्याच्या पुढच्या टोकाला रायफलच्या काडतुसाच्याच मापाची आखूड नळी होती. ती चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, चपखल बसायची आणि यंत्राच्या स्वतःच्या छोट्या काडतुसाची गोळी तिच्यातून रायफलच्या मोठ्या नळीत शिरायची. हे जमायला रायफलच बदलावी लागली. रिकामी पुंगळी बाहेर पडायला रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) डाव्या भिंतीत खिडकी कापली, चापाच्या जोडणीत एक जादा भाग घातला, यंत्र अडकवून ठेवायला कटऑफ (मॅगझिन बंद-चालू करणारी कळ) बदलला. अशा बदललेल्या 1903 स्प्रिंगफील्ड या अमेरिकी लष्करी रायफलींवर 'मार्क 1' असा शिक्का आहे. शिल्लक राहिलेल्या रायफलींवर ती खिडकी आजही दिसते; साध्या 1903 स्प्रिंगफील्डवर नाही. वाद तिथेच मिटतो. शिवाय फ्रान्समधल्या बहुतेक अमेरिकी सैनिकांकडे स्प्रिंगफील्ड नव्हतीच, 1917 ची एन्फिल्ड होती. तिच्यासाठी वेगळं यंत्र आखावं लागलं.

मशीनगनही नाही. मशीनगन चाप दाबून धरला की झाडतच राहते; इथे एकदा चाप ओढला की एकच गोळी. मॅगझिन 40 गोळ्यांचं, उजवीकडे तिरकं वर आलेलं. गोळी 80 ग्रेन (गोळीच्या वजनाचं छोटं एकक) वजनाची, वेग सेकंदाला सुमारे 1300 फूट. रायफलची नेहमीची गोळी 150 ग्रेनची, वेग 2700 फूट. म्हणजे ऊर्जा जेमतेम आठवा हिस्सा. लांबचं लक्ष्य दिसलं की यंत्र काढा, बोल्ट परत घाला, काडतुसं बदला. अंधारात, चिखलात हे करताना काढून ठेवलेला बोल्ट हरवला, तर हातातली रायफल नेहमीच्या काडतुसांना निकामी.

जर्मनीच्या धास्तीबद्दल जास्त लिहायची गरज नाही. हे सगळं 1919 च्या वसंतातल्या चढाईसाठी राखून ठेवलं होतं. युद्ध 11 नोव्हेंबर 1918 ला थांबलं. लढाईत याची एकही गोळी सुटली नाही. जे शत्रूला माहीतच नव्हतं, त्याला तो घाबरणार कसा?

याच मजकुरात शेवटी "इतकं भयंकर की सरकारने जाळून टाकलं" असंही आहे. जाळलं, हे मान्य. सुमारे 65,000 यंत्रं तयार झाली होती आणि 1931 मध्ये त्यातली जवळजवळ सगळी नष्ट केली. गुन्हेगारांच्या हाती पडू नयेत ही काळजी होती, तेही मान्य. पण लष्कराने ती त्याआधीच नाकारली होती: जादा ओझं, बदलाबदलीची कटकट आणि कमजोर गोळी. लष्कराला पूर्ण ताकदीची सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, रायफल हवी होती.

टिकलं ते यंत्राचं छोटं काडतूस. फ्रेंचांनी त्याच्यावरूनच आपलं 7.65 मिमी लाँग काडतूस घेतलं, आणि ते 1935 च्या पिस्तुलांत आणि मास-38 सबमशीनगनमध्ये वापरलं.