‘ने’ म्हणजे हो

एपिदॉरसचे प्राचीन नाट्यगृह साऱ्या जगाने पाहिलेले आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते आपण पाहू नये, असे आमच्या ह्यांचे ठाम मत आहे. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात किंवा इतरांना मधुमेहावर उपाय सांगतात. हे मात्र ग्रीसमधील कोणी न विचारलेली नाट्यगृहे धुंडाळतात, आणि पाण्याच्या बाटल्या, टोप्या व तिखटमिठाच्या पुऱ्या वाहण्याची भूमिका न मागता माझ्याकडे येते.

यंदा पाळी थोरिकोसची होती. अथेन्सहून लाव्रियोमार्गे सुनियोला जाणाऱ्या नारिंगी बसमधले बाकीचे पर्यटक पोसायडनच्या देवळाजवळचा सूर्यास्त पाहायला निघाले होते. आम्ही मात्र वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागताच, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला उतरलो.

ऑलिव्हच्या सावलीत एक आजोबा बसले होते. ह्यांनी समोरच्या वाटेकडे बोट दाखवून विचारले, ‘‘थेआत्रो?’’ आजोबा म्हणाले, ‘‘ने.’’ मराठी कानाला हा ‘ने’ म्हणजे ‘नाही’चा धाकटा भाऊच वाटतो, त्यामुळे आम्ही त्यांचे आभार मानून उलट्या दिशेने चालू लागलो. अर्ध्या तासाने एका बाईंना त्याच वाटेबद्दल विचारले. त्या ‘‘ओही’’ म्हणाल्या. त्यातला ‘हो’ इतका स्वच्छ ऐकू आला की आम्ही आणखी अर्धा तास त्याच वाटेने घाम गाळला. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही, ही माहिती संभाषण-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होती. ह्यांनी वाचनाला सुरुवात ‘नाटक व मनोरंजन’ या प्रकरणापासून केली होती.

अखेर वेलातुरी टेकडीच्या पायथ्याशी ते सापडले. ग्रीक नाट्यगृह म्हटले की पोळपाटासारखा गोल रंगणभाग डोळ्यांपुढे येतो. इथला मात्र पाटासारखा लांबट आहे, कारण गोल आकाराची पद्धत रूढ होण्यापूर्वीचे, इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे हे बांधकाम आहे. बाजूलाच चांदीच्या खाणीचे काळे तोंड दिसते. याच परिसरातल्या चांदीवर अथेन्सने आरमार बांधले आणि इ. स. पू. 480 मध्ये सालामिसला इराण्यांना हरवले. खाणीत राबणाऱ्या गुलामांना नाटकाचे पास मिळत होते की नाही, हा माझा प्रश्न ह्यांनी ऐकला नाही, कारण ते खाली उतरून घसा साफ करत होते.

मी वरच्या रांगेत, उन्हाने तव्यासारख्या तापलेल्या दगडावर टोपी अंथरून बसले. प्रेक्षकांत मी आणि एक पाल. ह्यांनी नांदी म्हटली, आणि वाऱ्याने तिचे एकेक अक्षर समुद्राकडे नेले. शेवटी हात जोडून त्यांनी विचारले, ‘‘ऐकू आली का?’’

पुऱ्या संपल्या होत्या, परतीची बस गाठायची होती. मी जोरात ओरडले, ‘‘ने!’’

सवयीने त्यांनी त्याचा मराठी अर्थ लावला आणि नांदी पहिल्यापासून, आवाज चढवून, पुन्हा सुरू केली.