फक्त पुढचं स्प्रॉकेट बदलून चेन नवी होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की बाईकची चेन सैल पडली की घरीच पुढचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, बदला, चेन अजून वर्षभर आरामात चालेल. असं नसतं हो. चेन रबरासारखी ताणली जात नाही, आतल्या पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजतात म्हणून लांबते, म्हणजे 428 साइजच्या चेनचा 12.7 मिमीचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) वाढतो, आणि मग ती नव्या दातांवर नीट बसतच नाही, वर चढते आणि नवं स्प्रॉकेट लवकर खाते. पुढचं आधी झिजतं हे मात्र खरं, पुढे 14 आणि मागे 42 दात असतील तर पुढच्या प्रत्येक दाताला तिप्पट काम पडतं. दात एका बाजूला आकडीसारखे वाकलेले दिसले की पूर्ण सेटच टाका, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट.

त्याच मेसेजमध्ये चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप कशीही लावा म्हटलंय, हे तर डेंजरच आहे!! क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. आणि पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन काढायच्या आधीच ढिला करा, कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, नाहीतर नटाबरोबर स्प्रॉकेटच फिरत बसतं.