की हरवली तर कंपनी दुसरी देते म्हणे!

"पासवर्ड विसरा, हार्डवेअर की घ्या आणि निश्चिंत व्हा!" असा एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. (हार्डवेअर की म्हणजे यूएसबीत लावायची, पेनड्राइव्हसारखी छोटी चावी.) फिरेना का, म्हणून सोडून दिला होता. पण आता आत्याने तो पाठवून विचारलंय, "म्हणजे बॅकअपची डिस्क काढून टाकली तरी चालेल ना?" नाही आत्या, चालणार नाही. आणि रिकव्हरी कीचा, म्हणजे अडीअडचणीला डिस्क उघडणाऱ्या आकड्यांचा, कागद अजून फाडला नसशील, तर कृपा कर, फाडू नकोस.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. की लावली की फायली आपोआप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) होतात, काढली की त्याच क्षणी बंद. हरवली तर कंपनी सिरियल नंबर बघून तश्शीच दुसरी देते. रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) काही करू शकत नाही, म्हणून बॅकअप नको. पिन ठेवला नाही तरी चालतो. आणि हार्डवेअरचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरपेक्षा केव्हाही भारी.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो: "कंपनी तश्शीच दुसरी देते." कुठून देणार? फिडो-2 (अशा कींचं प्रचलित मानक) कीमधलं गुपित त्या चिपच्या आतच तयार होतं आणि ते बाहेर वाचून घ्यायची वाट मुद्दामच ठेवलेली नसते. कंपनीकडे त्याची प्रत नसते. सिरियल नंबर हा नुसता नंबर आहे, त्यावरून गुपित काढता येत नाही. नवी की विकत मिळेल, पण तुमच्या जुन्या कुलपाला ती परकीच. आणि कंपनीला हुबेहूब तशी की बनवून देता आली असती, तर ती कंपनीतल्या कुणालाही बनवता आली असती. मग एवढा खटाटोप कशासाठी?

दुसरी की हवीच, पण ती आपण, आधी आणि वेगळी नोंदवायची असते. लिनक्सवर लक्स-2 (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) डिस्क असेल तर तिच्या हेडरमध्ये, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, 32 पर्यंत स्लॉट असतात, म्हणजे एकाच डिस्कला 32 वेगवेगळ्या किल्ल्या. जुना पासफ्रेज (लांब पासवर्ड) तसाच राहू द्या. सिस्टमडी-क्रिप्टएन्रोल या आदेशाने पहिली की नोंदवा, ती काढा, मग दुसरी लावून नोंदवा. दोन्ही एकदम लावून ठेवल्या तर "ऑटो" पर्याय अडतो, त्याला एका वेळी एकच की दिसावी लागते. मग त्याच आदेशाने रिकव्हरी की तयार करून कागदावर उतरवा. क्रिप्टटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कशी उघडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये, फिडो-2 चा पर्याय लिहायला विसरू नका. तो नसेल तर सुरू होताना यंत्र गुपचूप पासफ्रेजच विचारू शकतं, आणि माणूस महिनोन्‌महिने समजत राहतो की आपली डिस्क कीवर चालली आहे. पहिली की, दुसरी की, कागद, तिन्हींनी एकेकदा डिस्क उघडून पाहा. कच्चा पासफ्रेज काढायचा तो त्यानंतर.

हेडरची प्रतही घ्या. साधारण 16 एमबीची फाइल असते, ती त्याच डिस्कवर ठेवू नका. हेडर बिघडलं तर दोन काय, दहा किल्ल्या असल्या तरी आत जाता येत नाही. इथे एक खाच आहे: हरवलेल्या कीचा स्लॉट पुसला, तरी हेडरच्या जुन्या प्रतीत तो जिवंत असतो. स्लॉट पुसल्यावर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्यायची.

जीपीजी (ईमेल आणि फायली एन्क्रिप्ट करायचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांची गंमत निराळी. किल्ली कार्डावरच (म्हणजे हार्डवेअर कीच्या आतच) तयार केली तर तिची प्रत निघत नाही. संगणकावर तयार करून "कीटूकार्ड" केलं आणि सेव्ह केलं, तर ती कार्डावर जाते आणि संगणकावरून निघून जाते. म्हणून प्रत त्याच्या आधी. व्हेराक्रिप्ट या डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र टोकनवर (हार्डवेअर कीवर) नुसती कीफाइल, म्हणजे पासवर्डसारखी चालणारी फाइल, साठवलेली असते आणि उघडताना ती संगणकात वाचली जाते. तिची प्रत दुसऱ्या टोकनवर टाकता येते. म्हणजे "तश्शीच दुसरी" इथे शक्य आहे, मान्य. पण ती करायची तुम्ही, पहिली हातात असताना. कंपनीचा संबंध इथेही नाही.

"काढली की बंद." नाही. मुळात की तुमच्या फायली एन्क्रिप्ट करतच नाही. संगणक तिला एक सॉल्ट (यादृच्छिक आकडा) पाठवतो, ती पिन आणि बोटाचा स्पर्श मागते, आतल्या गुपिताशी एचमॅक (एक गणिती मिश्रण) करून 32 बाइट परत देते. त्या 32 बाइटांनी स्लॉट उघडतो, डिस्कची खरी किल्ली रॅममध्ये येते, आणि पुढचं सगळं एईएसचं (एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं) काम प्रोसेसर करतो. कीचं काम तिथे संपलं. ती उपटून खिशात घाला, डिस्क दिवसभर उघडीच राहील. बंद करायची तर अनमाउंट करून व्हॉल्यूम बंद करा किंवा यंत्र शटडाउन करा. नुसतं झोपवलं तर किल्ली रॅममध्येच असते. की काढल्यावर स्क्रीन लॉक होते तो वेगळा प्रकार, त्याने फक्त पडदा पडतो.

यातूनच रॅन्समवेअरचं उत्तर मिळतं. डिस्क उघडी असताना तुमच्या खात्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला फायली तुमच्याइतक्याच स्वच्छ दिसतात. आणि कंटेनर (एन्क्रिप्ट केलेल्या फायलींची पेटी) बंद असला तरी ती एक फाइलच; तिच्यावर दुसरं एन्क्रिप्शन चढवायला पहिलं तोडावं लागत नाही. कुलूपबंद पेटीला चोराने आपलं कुलूप घातलं, तर तुमची किल्ली घेऊन काय करणार? बॅकअप हवा, आणि तो एरवी जोडलेला नसावा.

पिनबद्दल दोनच वाक्यं. स्पर्श फक्त एवढंच सांगतो की कुणीतरी माणूस समोर आहे, आणि चोरालाही बोट असतं. फिडो-2 चा पिन लागोपाठ तीनदा चुकला तर की काढून पुन्हा लावावी लागते, एकूण आठदा चुकला तर रीसेटशिवाय गत्यंतर नाही, आणि रीसेट म्हणजे आतलं गुपित गेलं. (युबीकी या ब्रँडच्या कीमधल्या ओपनपीजीपी, म्हणजे जीपीजीसाठीच्या, भागाचा कारखान्यातून येणारा पिन 123456 असतो. तो तसाच ठेवणारे आहेत!)

आता "हार्डवेअर केव्हाही भारी". अर्धं खरं, ते देऊन टाकतो: 32 बाइटांचं गुपित अंदाजाने सापडत नाही, माणसाने निवडलेला पासवर्ड सापडतो. नुसती डिस्क चोरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण म्हणून डब्यावर एईएस-256 छापलेलं प्रत्येक हार्डवेअर भरवशाचं ठरत नाही. 2018 साली नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हान गॅस्टेल यांनी स्वतःच एन्क्रिप्ट करणाऱ्या एसएसडी उघडून पाहिल्या. क्रूशियलच्या एमएक्स100, एमएक्स200, एमएक्स300, सॅमसंगच्या 840 ईव्हीओ, 850 ईव्हीओ आणि टी3, टी5 या पोर्टेबल डिस्क. एमएक्स100 मध्ये पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा गणिती संबंधच नव्हता. पासवर्ड बरोबर आहे का, एवढं फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) तपासायचं आणि हो म्हटलं की दार उघडं. जेटॅग या चिप तपासायच्या पोर्टवरून ती तपासणीच बदलली की कुठलाही पासवर्ड चालायचा. आणि विंडोजचं बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) तेव्हा, डिस्क स्वतः एन्क्रिप्ट करते म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवून स्वतः काहीच करत नसे.

2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मूळ सेटिंग बदलून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन केली, पण आधी एन्क्रिप्ट झालेल्या डिस्क तशाच राहिल्या. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून "मॅनेज-बीडीई" हा आदेश स्टेटसच्या पर्यायासह चालवा. पद्धतीपुढे हार्डवेअर एन्क्रिप्शन दिसलं, तर ग्रुप पॉलिसीत ते बंद करा, बिटलॉकर काढून पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, मग पुन्हा लावा. विंडोजमध्ये लॉगिनसाठी लावलेली फिडो-2 की बिटलॉकरची सिस्टम डिस्क उघडत नाही, ती दोन वेगळी कुलपं आहेत. टीपीएमने (संगणकातल्या किल्ली जपणाऱ्या चिपने) नकार दिला की बिटलॉकर 48 अंकी रिकव्हरी की मागतं. आत्या, तुझा कागद म्हणजे तेच 48 आकडे.