गवत बदललं, नेटवर्क सुधारलं

परवा नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक दुकानात तासभर शिडीवर उभा होतो. मे महिना, पारा 45 च्या घरात, आणि नेटवर्कचा स्विच, म्हणजे दुकानातली सगळी मशीन जोडणारा डबा, माळ्यावर, पत्र्याला लागून. तक्रार एवढीच की बिल उघडेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन माल घेऊन येतं. पिंग, म्हणजे सर्व्हरला मारलेली हाक, झकास; स्विचचा दिवा हिरवा. त्या हिरव्या दिव्यावर माझा फार दिवसांचा राग आहे. लिंक जुळली एवढंच सांगतो मेला, पटतंय का ते सांगत नाही.

स्विचच्या आत शिरून पाहिलं तर सर्व्हरची तार लागते तो पोर्ट कुण्या शहाण्यानं 100 फुल डुप्लेक्सवर, म्हणजे 100 मेगाबिटचा वेग आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं, असा ठोकून ठेवलेला. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड मात्र ऑटोवर, समोरच्याशी बोलून ठरवणारं. ठोकलेला पोर्ट बोलणी करत नाही. कार्डाला वेग ओळखू येतो, डुप्लेक्स नाही, मग नियमाप्रमाणे ते हाफ, म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं, असं धरून बसतं. पोर्ट मनाला येईल तेव्हा बोलतो, कार्ड दर वेळी टक्कर झाली समजून थांबतं. पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे मोडक्या निरोपांचा, आकडा डोळ्यांदेखत चढत होता.

"काय करून राहिले भाऊ वर?" खालून मुनीमजी.

"पोर्ट ऑटोवर टाकतो."

"ऑटोवर कशाले? तुम्हीच करा ना, पैसे देऊन राहिलो!"

"दोन्ही मशीन आपसात ठरवतात, कितीच्या वेगानं बोलायचं ते."

"आमच्या दुकानात भाव मी ठरवतो. मशीनले काहून ठरवू द्याचं?"

खिडकीत कूलरचं गवत बदलणाऱ्या पोऱ्यानं तोंडातला खर्रा गालात सारला. "पंप जाम असंन, काकाजी."

तांब्याच्या तारेवर गिगाबिट, म्हणजे 100 च्या दहापट वेग, हवा तर बोलणी करावीच लागतात, 1999 च्या मानकापासून हेच आहे. पण हे सांगणार कुणाला? मी कमांड दिली. लिंक दोन-तीन सेकंद पडली, टॅलीनं मान टाकली.

"होतं तेबी गेलं ना बाप्पा!"

नेमका त्याच क्षणी पोऱ्यानं कूलर चालू केला. ओल्या गवताचा भपकारा दुकानभर पसरला, पोर्ट गिगाबिटवर आला आणि बिल टचकन उघडलं.

मुनीमजींनी बिलाकडे पाहिलं, मग कूलरकडे. "गरम झाली होती मशीन. हवा लागली, सुटली."

"मुनीमजी, डुप्लेक्स..."

"हाव हाव. पण हवा पायजेच."

पोऱ्याला तिथंच 600 रुपये रोख, वर थंडगार ताक. मला, "तुमचं लिहून ठेवतो भाऊ, महिन्याच्या आखरीला." मागच्या महिन्याचंही लिहूनच ठेवलंय. अकरा वर्षं हे काम करतोय, गवत भरायला शिकलो असतो तर निदान उन्हाळ्याचे चार महिने तरी रोखीचे गेले असते. विनोद नाही करत.

आज सकाळी मुनीमजींचा फोन. "भाऊ, प्रिंटर लय हळू चालून राहिला. त्या कूलरवाल्याचा नंबर हाय काय तुमच्यापाशी?"

होता. माझ्या घरचा कूलरही बंदच आहे.