पाकीट फोडा, पण आवाज होऊ देऊ नका

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक दिवस अंगत-पंगत असते. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, आरती झाली की पार्किंगमध्ये टेबलं जोडायची आणि ‘हे कोणी केलंय, ते कोणी केलंय’ विचारत ताटं भरायची. यंदाची झाली आणि माझ्या लक्षात आलं की पाककृतींचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, पण विकतचं आणून घरचं म्हणून कसं खपवावं याचं मार्गदर्शन कुठेही मिळत नाही. लोक बिचारे आपापल्या हुशारीवर निभावून नेतात. आता दिवाळी तोंडावर आली, म्हणजे फराळाच्या अंगत-पंगती आल्या. पाठोपाठ नाताळात ऑफिसातली एक-डिश पार्टी. म्हटलं, आपणच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात.

सुरुवात यादीपासून. ग्रुपवर यादी पडते ती साधारण रात्री साडेदहानंतर, जेव्हा कामाची माणसं झोपायच्या तयारीत असतात. तुम्ही जागे राहा. पापड, सॅलड, कोल्ड्रिंक, पेपर प्लेट या चार जागा पहिल्या मिनिटात जातात, त्यातली एक पटकवता आली तर पुढचं काही वाचायची गरजच नाही. बी विंगमधलं एक कुटुंब गेली कित्येक वर्षं ‘लिंबू चिरून’ आणतंय. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे.

जागा हुकली तर गोड पदार्थ घ्या. पाकिटाला गोडात जेवढा वाव आहे तेवढा तिखटात नाही. गुलाबजामचं मिक्स आहे, फ्रोजन पुरणपोळी आहे, फ्रोजन मोदक आहेत, डब्यातला आमरस बारा महिने आहे. श्रीखंडाचा डबा उघडून त्यात दोन चमचे आमरस फिरवला की आम्रखंड झालं, आणि ते ‘मी केलं’ म्हणताना तुम्ही अगदीच खोटं बोलत नाही. चमचा तर तुम्हीच फिरवला!

पाकिटं सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ऑफिसला न्या.

मग भांडं. प्लास्टिकच्या डब्यात नेलं तर श्रीखंड विकतचं असतं, आजेसासूबाईंच्या कल्हईच्या पातेल्यात नेलं तर तेच परंपरागत होतं. पातेलं आदल्या दिवशी चिंचेने घासून ठेवा. फ्रोजन मोदक मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पारी चामड्यासारखी होते. चाळणीत हळदीच्या पानावर ठेवून नीट वाफ द्या, म्हणजे पानाचा वास लागतो आणि लोक वासालाच फसतात. एक अडचण राहते. साच्यातल्या मोदकांच्या कळ्या सगळ्या एकसारख्या येतात, आणि हाताने मोदक वळणाऱ्या बाईला हे चार फुटांवरून कळतं. तेव्हा वाफवायच्या आधी चारसहा मोदकांची नाकं जरा वाकडी करा, एखाद्याची पारी बोटाने फाडा. ‘उकड जरा सैल झाली बाई यंदा,’ हेही म्हणून टाका. चूक कबूल करणाऱ्या माणसावर कोणी संशय घेत नाही.

पुरणपोळीवर एक काळा डाग हवाच.

पुरुषांनी काय करावं, असं काहीजण विचारतील. काही नाही. पातेलं लिफ्टपर्यंत धरावं आणि जेवताना ‘आमच्या हिने केलंय’ म्हणावं. या कामात तुमचा हात आधीच बसलेला आहे.

आता सगळ्यात नाजूक प्रसंग. कोणीतरी रेसिपी विचारतंच. गडबडून जाऊ नका. खांदे किंचित उडवायचे आणि म्हणायचं, ‘काही नाही हो, दूध आटवायचं, बस्स.’

हे वाक्य यंदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बासुंदीबद्दल. बासुंदी मीही केली होती, कारण यादीत दोघींनी एकाच क्षणी बासुंदी लिहिली आणि माघार कोण घेणार? आता दूध आटवणं म्हणजे काय ते ज्याने आटवलंय त्याला सांगायला नको. जाड बुडाचं पातेलं, म्हशीचं दूध, मंद आच, आणि हातात उलथनं घेऊन खांबासारखं उभं राहायचं. साय आली की कडेला सारायची, कडेची सुकायच्या आत खरवडून परत दुधात सोडायची, आणि तळाला हात फिरता ठेवायचा, कारण एकदा बूड लागलं की तो वास वेलदोड्याने जात नाही आणि जायफळानेही जात नाही. फोन वाजला, वाजू दे. बेल वाजली, आतूनच ‘थांबा हो’ ओरडायचं. दूध निम्म्यावर येईपर्यंत हेच. साखर शेवटी, आधी घातली तर लागायची भीती वाढते. मग चारोळी, मग थंड करणं, आणि मग ते पातेलं घासणं, ज्याचा उल्लेख एकाही व्हिडिओत नसतो.

शेजारच्या पातेल्यात काय होतं? कंडेन्स्ड मिल्कचा डबा, पिशवीतलं दूध आणि दाटपणाला मिल्क पावडर. दहा मिनिटांचं काम. मला कसं कळलं म्हणाल, तर पळीवरून ती अशी तार धरून पडत होती की पळी परत पातेल्यात ठेवणं अवघड. सायीचा एक पापुद्रा नाही. आणि पावडरीची न फुटलेली गुठळी माझ्याच वाटीत आली. कंडेन्स्ड मिल्कमध्ये किमान चाळीस टक्के साखर असते, त्याचं ते कामच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. दुसऱ्या घासालाच घसा धरतो, एवढंच.

आणि लोक काय म्हणावेत? ‘अगदी आईच्या हातची आठवण झाली!’ कोणाच्या आईच्या? तुमची आई डबा कापायची का? माझ्या बासुंदीपाशी येऊन मात्र एका गृहस्थांनी वाटी तिरकी करून बघितली आणि ‘जरा पातळच राहिली नाही? गोडालाही कमी वाटते,’ असा अभिप्राय दिला. वर दुसऱ्यांदा घेतली.

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीने रेसिपी विचारली, फोनमध्ये टिपून घ्यायला लागली, आणि आमच्या ताई काय म्हणाल्या असतील? ‘दूध मंद आचेवर आटवायचं. पेशन्स पाहिजे हो, आजकालच्या मुलींना पेशन्स नसतो.’ पेशन्स! ती पोरगी आता घरी जाऊन दोन लिटर दूध आटवत बसणार, तरी त्याला तसली तार येणार नाही, तेवढं गोडही होणार नाही, आणि आपल्याला स्वयंपाक जमत नाही असं समजून रडणार. डब्याच्या झाकणाएवढं सत्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

असो. मार्गदर्शन चालू होतं.

दिवाळीच्या अंगत-पंगतीला चकली न्या. चकलीसारखी सोय दुसऱ्या कशात नाही, कारण ती दिसते तशीच असते. तुम्ही तळलेली आणि बचत गटातल्या बाईने तळलेली यात फरक एकच, तिची बिघडत नाही. ती बाई तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ धुऊन सावलीत वाळवते, मग वेगवेगळं भाजते, धणे-जिरं वेगळं, पोहे वेगळे. गिरणीत आपल्या आधी गहू पडलेत की आणखी काही, ते बघूनच दळायला देते, नाहीतर अख्खी भाजणी वाया. कडकडीत तेलाचं मोहन, उकळीच्या पाण्यात भिजवलेलं पीठ, आणि मग मोडू न देता सोऱ्या फिरवणं. तेल फार तापलं तर चकली बाहेरून लाल आणि आत मऊ, कमी तापलं तर तेल पिऊन बसते. तिने हे सगळं केलं आणि किलोच्या भावाने तुम्हाला दिलं. तुम्ही काय करायचं? पिशवीवरचं लेबल काढायचं, चकल्या स्टीलच्या डब्यात रचायच्या आणि कपाळावरचा घाम पुसत टेबलापाशी यायचं. निम्मी सोसायटी ‘काय खुसखुशीत झालीय’ म्हणेल. त्यातल्या एकालाही तिचा फोन नंबर मिळणार नाही. ऐन दिवाळीत, जेव्हा तिचा वर्षाचा धंदा होतो, तेव्हा तिच्या चार-पाच ऑर्डरी तुमच्या मोठेपणाच्या खाली गाडल्या जातील.

तुम्हाला ‘वा’ मिळाली. तिला तीही नाही आणि ऑर्डरही नाही.

शेवटची गोष्ट. कोणी ‘यात काय घातलंय’ विचारलं तर ठामपणे सांगा, ‘घरचंच आहे.’ पाकिटाची मागची बाजू तुम्ही वाचलेली नसते, त्यामुळे उत्तर द्यायला एवढं एकच वाक्य तुमच्याजवळ उरतं.

नाही, आता मला गमतीत लिहिता येत नाही.

आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. वर्षानुवर्षांचा नेम, कार्तिकी एकादशीपर्यंत. गणपती चातुर्मासातच येतात, त्यामुळे अंगत-पंगतीला त्या प्रत्येक पातेल्यापाशी थांबून विचारतात, ‘यात लसूण नाही ना गं?’ यंदा पनीरच्या भाजीपाशी विचारलं. उत्तर मिळालं, ‘छे हो आजी, घरचीच ग्रेव्ही, टोमॅटो आणि काजू फक्त.’ मी शेजारी भाताचं भांडं धरून उभी होते. आजींनी पहिला घास तोंडात घातला, थांबल्या, आणि पदर तोंडाशी नेऊन घास हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या फक्त ताक प्यायल्या. पोळी, भात, वरण सगळं तसंच ताटात राहिलं. आणि ती भाजी करणारी बाई आजींच्या समोर बसून ‘आजी, जेवत नाही का?’ विचारत होती.

तयार ग्रेव्हीचं पाकीट होतं ते. तयार ग्रेव्ही बहुतेक कांदा-लसणाचीच असते, आणि ते मागे छापलेलंही असतं. कायद्याने छापावंच लागतं, सगळे घटक, वजनाने जास्त असलेला आधी, कमी असलेला नंतर. शेंगदाणे, दूध, गहू असलं कोणाला बाधणारं काही असेल तर तेही लिहावं लागतं. पुढच्या बाजूचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, लसणाबद्दल तो काही बोलत नाही. चष्मा लावून अर्धं मिनिट वाचायचं होतं. उद्या एखाद्या पोराला शेंगदाणा चालत नसेल आणि त्याची आई विचारेल, तेव्हाही असंच ‘घरचंच आहे’ म्हणणार का?

अहो, तुम्हाला कोण नावं ठेवतंय विकत आणलं म्हणून? सात वाजता ऑफिसातून घरी पोचणाऱ्या माणसाने दूध आटवावं असं मीसुद्धा म्हणणार नाही. विकतचं आणणं काही आजचं नाही. बेडेकरांचं गिरगावातलं दुकान 1910 सालचं. झटपट मिक्सची पाकिटं बनवणारी गिट्स पुण्यात सुरू झाली ती 1963 मध्ये. आपल्या आयांनी बाजारचं लोणचं वाढलं, पाकीट फोडून गुलाबजाम केले आणि पाहुण्यांना सरळ सांगितलं, ‘मिक्सचे आहेत, बघा कसे झालेत.’ पाहुण्यांनी आणखी दोन मागून घेतले. लाज कोणालाच वाटली नाही, कारण लाज वाटण्यासारखं काही नव्हतंच. ती तुम्ही आणलीत. विकतच्या वस्तूवर स्वतःचं नाव टाकून, जी बाई उन्हाळ्यात-पावसाळ्यात चुलीपाशी उभी राहते तिच्यापेक्षा आपण वरचढ आहोत असं दाखवायला. आणि जी खरंच घरी करते तिचं पातळ, कमी गोड, जरा करपलेलं ठरवायला.

सोडून द्या हे. वेळ नाही तर नाही म्हणा. विकत आणा, चांगलं आणा, पाकीट पातेल्याशेजारी ठेवा म्हणजे ज्याला वाचायचंय तो वाचेल. कोणी लसणाचं विचारलं आणि माहीत नसेल तर ‘थांबा, बघून सांगते’ म्हणा. नंतर त्या पोरीला फोन करा आणि बासुंदीचं खरं काय ते सांगा.

दिवाळीची यादी काल रात्री पडली आहे. माझ्या नावापुढे मी ‘चकली, विकतची’ लिहिलंय आणि बचत गटाचा नंबर खाली टाकलाय. तुमची ओळ अजून रिकामी दिसते. भरा, आणि जे आणणार आहात तेच लिहा.